विहिरीची हरकत

आमच्या भागात ‘हरकत न्हाई’ हे शब्द माणूस दिवसातून किती वेळा म्हणतो, ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. चहात साखर कमी पडली, हरकत न्हाई. एसटी चुकली, हरकत न्हाई, मागून जीप येते. पाहुणा सांगितलेल्या वेळेला न येता जेवणं उरकल्यावर दारात उभा राहिला, तरी घरची बाई पुन्हा पीठ मळायला घेते आणि वर हसून म्हणते, हरकत न्हाई. यातली ‘हरकत’ सरकारी कागदावर गेली की तिला वजन येतं, तिथे तिचा अर्थ आक्षेप होतो, हे आम्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. गॅसच्या पाइपलाइनने ते आमच्या डोक्यात घातलं.

माझं शेत नेकनूरपासून जरा आत आहे. मालक ट्रकवर असतात. ते रस्त्यावर आणि मी शेतात, असा आमचा संसार. मांजरसुंब्याला गाडी थांबली की ढाब्यावरून फोन करतात, काय चाललंय म्हणून विचारतात, आणि मी सांगायला लागले की म्हणतात, “रेंज जायलीय.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रेंज नेमकी माझ्याच बोलण्याच्या वेळी कशी जाते, ते मला अजून कळलेलं नाही. माझं तोंड चालतं हे मला मान्य आहे. सासरे म्हणायचे, ही बांधावर उभी असली की राखणदार ठेवायला नको.

बांधाच्या पलीकडे चाचांचं शेत. चाचा माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे, लहानपणापासून एकत्र वाढलेले. नेकनूरच्या बाजारात हातगाडीवर फळं विकतात. डोंगरातली सीताफळं, स्वतःच्या शेतातल्या मोसंब्या, उन्हाळ्यात टरबुजं. मला ते ‘सूनबाई’ म्हणतात आणि सासरे गेल्यापासून सासऱ्यांचा अधिकारही थोडा त्यांच्याकडेच गेला आहे. त्यांच्याइतका नम्र माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या नम्रतेचा मला अधूनमधून वैताग यायचा. गिऱ्हाईक मोसंब्या दाबून दाबून मऊ करणार आणि एकही न घेता पुढे जाणार, तरी चाचा त्याच्या पाठीला म्हणणार, “हरकत न्हाई, फिर आव.” माझ्या हातात ती गाडी असती तर त्या गिऱ्हाइकाला पुन्हा मोसंबी खायची इच्छा झाली नसती.

आमच्या दोन घरांत विहीर एकच. माझे आजेसासरे आणि चाचांचे वडील यांनी ती मिळून खोदली. पाणाड्याने हातावर नारळ घेऊन जिथे पाणी दाखवलं ती जागा बांधाला लागून, पण पलीकडच्या बाजूला निघाली, म्हणून विहीर चाचांच्या गटात. पण सुरुंग दोन्ही घरांनी लावले, दगड दोन्ही घरांनी वाहिले, तेव्हा पाणीही निम्मं निम्मं ठरलं. एक दिवस त्यांची मोटर, एक दिवस आमची. त्याचा कुठे कागद नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंदसुद्धा नाही, कारण त्या काळी तलाठ्याकडे जाण्यापेक्षा विहीर खोदणं सोपं होतं म्हणे. गावात टँकर सुरू होतो त्या दिवसांतही ही विहीर तळ दाखवत नाही. माझी सीताफळं, मिरची, दोन म्हशी आणि आमच्या पिण्याचा हंडा, सगळं त्या पाण्यावर आहे. ती विहीर गेली असती तर मला शेत सोडून मालकांच्या ट्रकमध्येच बिऱ्हाड मांडावं लागलं असतं.

आणि ती जाणारच होती. एका सकाळी शेतात गेले तर पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं आमच्या आणि चाचांच्या रानातून चालत होती. एक दगड लाल रंग लावून माझ्या ज्वारीत रोवला होता, दुसरा चाचांच्या मोसंबीत. मी एका दगडावर उभी राहून दुसऱ्याकडे बघितलं. मधोमध विहीर होती.

मी तिथल्या तिथे तोंड सोडलं. त्यातला एक पोरगेला इंजिनिअर शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “ताई, आम्ही फक्त मोजणारे. आमच्यावर ओरडून लाइन हलत नाही. ग्रामपंचायतीत नोटीस लागलीय, तुमची हरकत मुदतीत द्या.” मी त्याला आणखी दोन शब्द सुनावले, पण घरी येताना ‘मुदत’ हा शब्द माझ्यासोबत आला.

नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर होती. वाक्य असं लांबलचक की सुरुवातीचा कर्ता शेवटपर्यंत पोचेपर्यंत दमून जावा. ग्रामसेवकांनी समजावून सांगितलं. गॅसची लाइन जमिनीखालून जाणार, जमीन आपलीच राहणार, पण लाइनीच्या पट्ट्यात वापराचा हक्क त्यांचा. वरून ज्वारी घ्या, हरभरा घ्या, पण त्या पट्ट्यात घर नाही, झाड नाही, विहीर नाही. असलेली बुजवणार आणि मोबदला देणार. ज्याचं काही म्हणणं असेल त्याने तीन आठवड्यांच्या आत बीडच्या कार्यालयात लेखी द्यायचं, मग साहेब समक्ष बोलावून ऐकून घेणार.

पारावर बसलेल्यांचं म्हणणं वेगळं होतं. “सरकारी काम हाय. लाइन जाणारच. मोबदला घ्या अन् गप बसा.” मी विचारलं, मोबदला तांब्यात घेऊन पिता येतो का? त्यावर एकाने डोळे मिटून घेतले. आमच्याकडे वाद टाळायची ही जुनी रीत आहे.

चाचांकडे गेले तर ते गाडीवरची फळं पुसत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सूनबाई, गुस्सा कावून करताय? मुलकाचं काम हाय. कुठूनतरी तर न्यावी लागंल त्यास्नी.”

“न्यावी ना. विहिरीवरूनच कशाला?”

“ते बी खरं हाय,” चाचा म्हणाले आणि एक मोसंबी माझ्या हातात ठेवली.

रात्री बसून मी अर्ज लिहिला. चांगला दोन्ही बाजूंनी भरलेला कागद. त्यात आमच्या आजेसासऱ्यांचे कष्ट होते, देशातल्या सगळ्या पुढाऱ्यांचा उद्धार होता, आणि ही पाइपलाइन कोणत्या चुलीत घालायची तेही स्पष्ट लिहिलं होतं. तो घेऊन मी बीडला गेले. कार्यालयात आवक घेणाऱ्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, “लिहिता छान. पण हे साहेबांपुढे गेलं तर ते वाचतील आणि बाजूला ठेवतील. बसा इथं. चहा सांगू?”

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या टेबलापुढे माणसांची रांग होती आणि त्यांनी रांग सांभाळत सांभाळत माझ्याकडून दुसरा अर्ज लिहून घेतला. गट नंबर कोणता. जमिनीवर आज काय उभं आहे. त्याने तुमचं काय चालतं. आणि तुम्हाला काय हवं. “‘लाइन रद्द करा’ असं लिहू नका, ती रद्द होत नसते,” त्या म्हणाल्या, “कुठून न्यावी ते लिहा. रस्ता दाखवणाऱ्याचं लोक ऐकतात.” त्यांनी मला नकाशाही उघडून दाखवला. तो बघायला मिळतो, मागायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. नकाशावर ओढा होता, गाडीवाट होती, विजेचे खांबसुद्धा होते. विहिरीच्या जागी नुसता कोरा कागद. इतकी वर्षं जिचं पाणी पितो ती विहीर सरकारच्या लेखी नव्हतीच.

“विहीर कुणाच्या गटात?” बाईंनी विचारलं.

“शेजाऱ्यांच्या. पण पाणी निम्मं आमचं.”

“कागद आहे?”

मी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “मग तुमच्या एकटीच्या अर्जात दम नाही. त्यांची हरकत पाहिजे. ते नाही म्हणाले तर विहीर वाचंल. ते हो म्हणाले तर तुमचं कुणी ऐकणार नाही.”

मी तशीच नेकनूरला आले, दोघांच्या नावाने अर्ज केला आणि चाचांची सही घेतली. चाचा उर्दू शाळेत शिकलेले, मराठी बोलतात आपल्यासारखं, वाचायला मात्र वेळ लागतो. त्यांनी उर्दूत सही केली. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. “ही पोच. जपून ठेवा,” म्हणाल्या, “आणि तुमचा पहिला अर्ज माझ्याकडं राहू द्या. दुपारी कंटाळा आला की वाचीन.”

सुनावणीच्या दिवशी चाचांनी इस्तरीचा पांढरा सदरा घातला होता. आम्ही जीपने मांजरसुंब्याला आणि तिथून एसटीने बीडला गेलो. एका लांबट खोलीत साहेब बसले होते, शेजारी संगणकावर लिहून घेणारा एक लेखनिक आणि समोर आमच्यासारखी माणसं. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले होते. बोलणं मऊ, पण कामाची घाई. धारूरकडची काही मंडळी डोंगरातून पहाटे निघून आलेली होती आणि त्यांना परतीची गाडी गाठायची होती.

साहेबांनी चाचांचं नाव पुकारलं. लेखनिकाने त्यांच्या गटाचं पान उघडलं. चाचा उठून उभे राहिले. तेवढ्यात धारूरवाल्यांपैकी एकाने गाडीचं सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, “चाचा, ही मंडळी लांबची आहेत. यांना आधी घेतो. तुमची काही हरकत नाही ना?”

चाचांनी हात छातीवर ठेवला. “हरकत न्हाई साहेब. बिलकुल न्हाई.”

आणि खाली बसले. मी शेजारीच होते. माझ्या कानांनी ते ऐकलं आणि मला त्यात काही म्हणजे काही वावगं वाटलं नाही. थोड्या वेळाने शिपाई एक कागद घेऊन आला, म्हणाला, चाचा, इथं सही करा. चाचा म्हणाले, “करतो की,” आणि उर्दूत सही केली. हजेरीचा कागद असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं.

धारूरकर गेले नव्हते अजून, दारातच रेंगाळत होते, तेव्हा माझं नाव आलं. मी बाईंनी शिकवलं तसं बोलले. न ओरडता. आधी गट, मग विहीर, मग लाइन कुठून नेता येईल ते. माझं मलाच कौतुक वाटत होतं. साहेबांनी सगळं ऐकलं, पानं उलटली आणि म्हणाले, “बाई, तुमच्या गटातल्या पट्ट्यात तर फक्त ज्वारी आहे. विहीर ज्यांच्या गटात आहे, त्यांची हरकत नाही.”

“कुणाची?”

“यांची. अर्ज दिला होता, पण आज समक्ष विचारता ‘हरकत नाही, बिलकुल नाही’ असं सांगितलं. सहीसुद्धा आहे.”

मी चाचांकडे बघितलं. चाचा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मग माझ्या डोक्यात लख्ख झालं, आणि दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

“अवो साहेब, तुमी इचारलं काय अन् लिव्हलं काय? तुमी म्हणलात धारूरवाल्यास्नी आधी घेऊ का. त्याला न्हाई म्हणले ते. हा माणूस समद्यालाच हरकत न्हाई म्हणतो. बैलानं पायावर पाय दिला तरी त्याला बी म्हणंल.”

“बाई, आवाज खाली.”

“आवाज खालीच होता माझा. म्हणूनच हे झालं.”

खोलीत हसू फुटलं. लेखनिक कावराबावरा होऊन संगणकाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता साहेब म्हणणार, सही झालीय, विषय संपला. असं म्हणणारे लोक मी पाहिलेले आहेत. पण साहेबांनी लेखनिकाला विचारलं, “मी यांना नेमकं काय विचारलं होतं?” त्याने आठवून, खरं खरं सांगितलं. तो पोरगाही खोटं बोलू शकला असता. मग साहेबांनी चाचांच्या सहीचा तो कागद घेतला, त्यावर आडवी रेघ मारली, खाली स्वतःची सही केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “यापुढे प्रत्येकाचं म्हणणं वाचून दाखवलं जाईल. पटलं तरच सही. आणि आत्तापर्यंत सह्या केलेले कुणी दारात असतील तर त्यांनाही आत बोलवा.”

धारूरकर परत आत आले. त्यांच्यातल्या एकाच्या कागदावरही ‘हरकत नाही’ निघालं. त्याला कुणीतरी विचारलं होतं, पंखा बंद केला तर चालेल का. तो बिचारा आपल्या आंब्याच्या झाडांसाठी आला होता. त्यांची गाडी त्या दिवशी चुकली, पण एकानेही कुरकुर केली नाही.

साहेबांनी चाचांना समोर खुर्ची दिली. “आता तुम्ही सांगा. तुमची हरकत आहे की नाही?”

आणि इथे खरी अडचण झाली. त्या माणसाच्या तोंडून ‘हरकत हाय’ हे शब्द जन्मात निघाले नव्हते. समोर एक मोठा अधिकारी आदबीने बोलतोय, खुर्ची देतोय, आणि आपण त्याला तोंडावर अडवायचं, हे चाचांच्या गळी उतरत नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, तुमी इतक्या लांबून आलात, काम बी चांगलंच हाय...” मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली फरशीकडे, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “हरकत हाय.”

“मोठ्याने सांगा, लिहून घ्यायचंय.”

“हरकत हाय साहेब. माफ करा. विहिरीची हरकत हाय.”

लेखनिकाने लिहिलं. मी उठायला लागले. आमचं काम झालं होतं. पण चाचा उठले नाहीत.

“अजून एक लिव्हा साहेब. विहीर माझ्या गटात हाय, पन पानी निम्मं या सूनबाईंच्या घरचं हाय. माझ्या वालिदांनी अन् यांच्या आजेसासऱ्यांनी मिळून खोदलेली हाय. एक दिवस आमी, एक दिवस हे. हे बी लिव्हा.”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “चाचा, नीट विचार करून सांगा. हे सरकारी कागदावर आलं की तुम्हाला मागे घेता येणार नाही. उद्या विहिरीचं काही झालं, मोबदला आला, तर त्यातही निम्मा हिस्सा यांचा होईल. मुलांत वाटणी झाली तरी हे पुढे येईल. इथं हे सांगायची तुम्हाला गरज नाही.”

“समजलं साहेब. लिव्हा.”

साहेबांनी लिहायला सांगितलं. मग लेखनिकाने सगळं वाचून दाखवलं, चाचांनी मान डोलावत ऐकलं, एका ठिकाणी ‘वडिलोपार्जित’ शब्दाचा अर्थ विचारला, आणि सही केली.

परत येताना मांजरसुंब्याला जीप भरेपर्यंत आम्ही चहा घेतला. मी विचारलं, “चाचा, ते पाण्याचं कशाला लिहून दिलं? आपल्यात कधी भांडण झालंय का?”

“चहा लई गरम हाय,” चाचा म्हणाले, “सावकाश घ्या.”

पुढे साहेब स्वतः जागेवर आले. सोबत तोच पोरगेला इंजिनिअर होता, ज्याच्यावर मी पहिल्या दिवशी ओरडले होते. मी त्याला चहा दिला, त्याने तो घेतला, आमचं तिथेच मिटलं. साहेबांनी विहिरीत वाकून बघितलं. मी पोहऱ्याने पाणी काढून तांब्याभर त्यांच्या हातात दिलं, ते साहेब तिथेच उभ्या उभ्या प्यायले. इंजिनिअरने यंत्र लावून बघितलं आणि सांगितलं, लाइनीला इथे वळण देता येईल, पण मग ती तुमच्या ज्वारीतून जास्त लांब जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. ज्वारी वरून पेरता येते, विहीर नाही पेरता येत.

त्या दिवशी चाचांचा थोरला मुलगाही आला होता. बीडला त्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे, शेताकडे त्याचं येणं कमीच. पोरगा चांगला आहे, माझ्या म्हाताऱ्या स्कूटीच्या दुरुस्तीचे पैसे कधी घेत नाही. तो विहिरीच्या काठावर उभा राहून दोन मोटरी बघत होता. त्याने मला सहज विचारलं, “भाभी, विहीर आमच्या रानात हाय, मग ही दुसरी मोटर कुणाची?” मी म्हटलं, आमची. तो “असं होय,” म्हणाला आणि मोबाईल वाजला तसा बाजूला गेला. चाचा जवळच होते. त्यांनी ते ऐकलं होतं.

निकाल यायला बराच काळ गेला. मधल्या काळात मी त्या कार्यालयात इतक्यांदा गेले की आवक घेणाऱ्या बाई मला बघितल्यावर आधी चहाच सांगायच्या. शेवटी आदेशाची प्रत हातात आली. विहीर पट्ट्याबाहेर ठेवून लाइनीला वळण दिलेलं होतं. नकाशावर आमची विहीर आता एक छोटासा गोल होऊन आली होती. मी तो गोल बोटाने दोन-तीनदा चाचपून बघितला. मालकांना फोन लावला तर त्या दिवशी रेंज गेली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लई ब्येस केलंस.” एवढं त्यांच्याकडून म्हणजे पुष्कळ झालं.

आज मागे वळून बघते तेव्हा मला पाइपलाइनवाल्यांचा राग येत नाही. लाइन गेली, तिच्यावर माझी ज्वारी उभी आहे. बाईंनी रांग सांभाळून मला शिकवलं नसतं, साहेबांनी स्वतःच्या कागदावर रेघ मारायचा मोठेपणा दाखवला नसता, त्या लेखनिकाने खरं सांगितलं नसतं, तर माझ्या तोंडाचा काही उपयोग झाला नसता. या लोकांची मी ऋणी आहे आणि हे मी गावात सगळ्यांना सांगते. आता फळ्यावर कसलीही नोटीस लागली की बाया मला विचारायला येतात. मी सांगते, नकाशा मागा, पोच घ्या, आणि साहेबापुढे गेलात की चहाला हो म्हणायचं असलं तरी हरकत न्हाई म्हणू नका.

आदेश आला त्याच संध्याकाळी चाचांनी मला घरी बोलावलं. मला वाटलं मिठाई असेल. मिठाई होतीच. पण त्यांनी दोन्ही मुलांना बोलावून घेतलं होतं. थोरला बीडहून आला होता, हाताला अजून ऑइलचे डाग होते. धाकटा बाजारातल्या फळांच्या गाडीवरून उठून आला होता. दोघांना चाचांनी चटईवर बसवलं आणि मला म्हणाले, “सूनबाई, आदेश वाचा. मोठ्यानं वाचा.”

मी वाचायला लागले. सरकारी भाषा, जीभ अडखळत होती. विहीर वगळण्यात येत आहे, इथपर्यंत आल्यावर धाकटा हसला. मग ते वाक्य आलं. सदर विहिरीच्या पाण्यात शेजारील गटधारकांचा निम्मा हिस्सा असल्याचे विहिरीच्या गटधारकाने समक्ष मान्य केले आहे.

“थांबा,” चाचा म्हणाले. ते मुलांकडे बघत होते. “ऐकलं का रे? माझा अन् यांच्या सासऱ्याचा जबानीचा मामला व्हता, कधी कागद लागला न्हाई. तुमच्या वक्ताला लागंल. म्हणून केला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पुन्यांदा वाचा.”

मी कागद वर धरला. ‘सदर विहिरीच्या पाण्यात’ एवढं वाचलं आणि पुढची अक्षरं मला दिसेनात. मी डोळे पुसले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. थोरल्याने हात पँटला पुसले, माझ्या हातातून कागद घेतला आणि ते वाक्य त्याने शेवटपर्यंत वाचलं.